मोबाइलवर नीट वाचता येणारी मराठी वेबसाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला आमचं छोटं काम आहे. दुकानं, क्लासेस, खानावळी, नाट्यसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या यांच्या वेबसाइट आम्ही करतो, आणि त्यातल्या बहुतेक मराठीत असतात. पहिल्या भेटीत दुकानदार जे विचारतात आणि आमच्याकडे शिकायला येणारी मुलं जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण साइट नेमक्या तिथेच बिघडतात.

रिस्पॉन्सिव्ह म्हणजे नेमकं काय?

पान एकच, पत्ताही एकच, फक्त पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलते. हा शब्द वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-मासिकातल्या लेखातून रूढ केला. त्यात तीन गोष्टींची सांगड होती: टक्केवारीत मोजलेले प्रवाही कॉलम, चौकटीबरोबर लहानमोठी होणारी चित्रं आणि मीडिया क्वेरी. मीडिया क्वेरी म्हणजे ‘रुंदी अमुक असेल तर हे नियम लाव’ असं सीएसएसला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेला, सांगण्याची सोय. नंतरच्या वर्षांत हत्यारं पुष्कळ सुधारली. टक्क्यांची आकडेमोड आता फारशी करावी लागत नाही.

मोबाइलसाठी वेगळी साइट काढावी का?

नको. दोन साइट म्हणजे दोन्हीकडे दर बदलायचे, आणि एकीकडे ते राहून जाणार.

आधी लॅपटॉपवर छान करून घेऊ, मोबाइलचं नंतर बघू. चालेल?

चालत नाही, आणि आम्ही तसं काम घेतही नाही. तुमचं गिऱ्हाईक संध्याकाळी डोंबिवलीच्या गाडीत उभं असतं. एका हाताने वरची कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन. सगळा कारभार एका अंगठ्यावर, आणि नेटवर्क येऊन जाऊन. जूनपासून त्यात ओली बोटं आणि काचेवरचे थेंब. पानाचा पहिला आराखडा या माणसासाठी काढायचा.

अरुंद पडद्यापासून सुरुवात केली की काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. मुलांना मी फलाटावरचा इंडिकेटर बघायला सांगतो. गाडी कुठली, धीमी की जलद, बारा डब्यांची की पंधरा, किती मिनिटांत. धावत जिना उतरणाऱ्या माणसाला एवढंच हवं असतं आणि ते त्याला लांबूनच कळतं. खानावळीच्या पानावर तसंच आज काय आहे, केवढ्याला आहे, कुठे आहे आणि फोन नंबर हे आधी. संस्थापकांचं मनोगत खाली.

मुख्य बटण अंगठा पोचेल अशा जागी, म्हणजे पडद्याच्या खालच्या अर्ध्यात. अपंग व्यक्तींनाही साइट वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत बटणाचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल दिलं आहे. ॲपलची शिफारस ४४ ची, अँड्रॉइडची ४८ ची. आम्ही ४८ धरतो. गाडीतल्या धक्क्यात चोवीसवर अंगठा बसत नाही, हे मी रोज अनुभवतो.

साइट मोबाइलवर उघडते, पण अक्षरं मुंगीएवढी दिसतात. असं का?

व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ, राहून गेला आहे. तो नसेल तर फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद समजून मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. २००७ साली आयफोन आला तेव्हा सगळ्या साइट संगणकासाठीच केलेल्या असायच्या, त्या निदान उघडाव्यात म्हणून ही तडजोड होती. पानाच्या कोडमधल्या हेडमध्ये ‘विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल बरोबर १’ ही ओळ टाका. त्याच ओळीत झूम बंद करणारा शब्द कुणी घातला असेल तर तो काढा. चाळिशी लागलेल्या माणसाला दोन बोटांनी अक्षर मोठं करायचं असतं.

पान आडवं सरकतं. कारण कसं शोधायचं?

काहीतरी पडद्यापेक्षा रुंद आहे. बहुतेक वेळा ठरावीक रुंदीचं चित्र, दरपत्रकाचा तक्ता किंवा न तुटणारी लांबलचक लिंक. हे तिन्ही नसेल तर फ्लेक्सबॉक्स (घटक रांगेत मांडायची सीएसएसची सोय) तपासा. फ्लेक्समधला घटक आपल्या आतल्या मजकुराहून लहान व्हायला आपणहून तयार नसतो, त्याला ‘मिन-विड्थ शून्य’ असं स्पष्ट सांगावं लागतं. या एका ओळीसाठी आमच्याकडच्या मुलांनी अख्ख्या दुपारी घालवल्या आहेत. बॉडीवर, म्हणजे अख्ख्या पानावर, ‘ओव्हरफ्लो हिडन’ टाकून प्रश्न मिटवू नका, त्याने दोष झाकला जातो आणि कडेचा मजकूर कापला जातो.

ब्रेकपॉइंट कोणत्या आकड्यांवर ठेवायचे?

ब्रेकपॉइंट म्हणजे जिथे मांडणी बदलते ती रुंदी. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला ७६८, १०२४ असे आकडे हवे असतात. ते एकेकाळच्या आयपॅडच्या पडद्याचे आकडे आहेत, तुमच्या मजकुराशी त्यांचं नातं काहीच नाही. मांडणी कुठे बदलायची हे मजकुराने ठरवायचं. ब्राउझरची खिडकी ३२० पिक्सेलपासून हळूहळू रुंद करत जा. ओळ वाचायला फार लांब वाटू लागली, की तो पहिला ब्रेकपॉइंट. मग उलट या, रुंदीकडून अरुंदीकडे, आणि मेनूतला एखादा शब्द दुसऱ्या ओळीवर पडला की तिथे थांबा. तो दुसरा.

यात मराठीचा हिशेब वेगळा येतो. एका साडीच्या दुकानाची साइट आम्ही इंग्रजी आणि मराठी अशी दोन्हींत केली होती. इंग्रजी मेनू ७०० पिक्सेलपर्यंत एका ओळीत बसायचा. मराठीत ‘आमच्याविषयी’, ‘खरेदीची पिशवी’, ‘ऑर्डर कुठवर आली’ असे शब्द आले आणि ९०० लाच ओळ फुटली. आम्ही ब्रेकपॉइंट इंग्रजीवर बेतले होते, म्हणून टॅबलेटवर मराठी मेनू लोगोवर चढला. दुकानाच्या मालकीणबाईंनी तो फोटो पाठवला तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून आधी मराठी मजकूर हातात घ्यायचा आणि मगच मांडणीला बसायचं, हा आमचा नियम झाला.

३२० हा आकडा मात्र पाठ करावा असा आहे. डब्ल्यूसीएजीनुसार इतक्या रुंदीतही पान आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे. १२८० पिक्सेलच्या पडद्यावर कुणी ४०० टक्के झूम केलं तर त्याच्या वाट्याला नेमकी एवढीच रुंदी उरते.

मराठी मजकुरासाठी सीएसएसमध्ये वेगळं काय करावं लागतं?

बरंच, आणि विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये यातलं काहीच केलेलं नसतं.

लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. इंग्रजी मथळ्यात अक्षरं एकमेकांपासून थोडी लांब केली तर ती ऐटदार दिसतात. देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

ओळींमधलं अंतर वाढवा. आपल्याकडे डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, ऋकार. इंग्रजीला १.४ पट पुरतं, मराठी परिच्छेदाला आम्ही १.७ च्या आसपास जातो. कार्डातला (एका वस्तूचा फोटो आणि माहिती असलेल्या चौकटीतला) मथळा दोन ओळींत कापायची सोय वापरली असेल तर वरच्या ओळीचा रफार छाटला जात नाही ना, ते बघा.

इंग्रजीत मोठी लिपी वापरून शब्द उठून दिसतो. आपल्याला ती सोय नाही, म्हणून फरक दाखवायचा तो आकाराने आणि जाडीने. तिरपी अक्षरं टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरी इटॅलिक नसते, ब्राउझर अक्षर नुसतं ढकलून वाकवतो.

पान ज्या कोडमध्ये लिहितात त्या एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्याने ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसत राहतात. स्क्रीन रीडरलाही, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही, मजकूर कोणत्या भाषेत वाचायचा ते कळतं.

फॉन्ट निवडताना आम्ही एक ओळ टाइप करून बघतो: ‘दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना, ॲप, द्ध, ङ्म, ऋषी’. ‘दऱ्या’मधला अर्धा र चुकला किंवा ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट आली की फॉन्ट बाद. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत मिळतात आणि पडद्यावर चांगले वाचता येतात. या शहरात हे काम जुनं आहे. विंडोजमधला मंगल फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीमध्ये ते शिकवत असत.

देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जड होते. जाडीचे दोनच प्रकार घ्या, फाइल वॉफ-२ या हलक्या प्रकारात ठेवा आणि ‘फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप’ द्या, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत पान कोरं राहत नाही.

दोन्ही कडा सरळ करणारी जुळणी अरुंद कॉलममध्ये नको. मराठी शब्द लांब असतात, ओळीत तीन-चारच बसतात आणि मधे भगदाडं पडतात.

आणि फॉर्म. मराठी कीबोर्डवरून लोक मोबाइल नंबर ९८… असा देवनागरी आकड्यांत लिहितात. जावास्क्रिप्टमधली अंक तपासायची नेहमीची खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते, त्यामुळे बरोबर नंबरालाही ‘चुकीचा’ म्हटलं जातं. आधी आकडे बदलून घ्या, मग तपासा. मराठीत लिहिणाऱ्या माणसाला मराठी साइटने परत पाठवावं, हे मला सहन होत नाही.

ग्रिड वापरायचा की फ्लेक्सबॉक्स?

एकाच दिशेने रांग लावायची असेल, जसं मेनू किंवा बटणांची ओळ, तर फ्लेक्सबॉक्स. आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा जुळवायच्या असतील तर ग्रिड. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांनीही ग्रिड आणला, त्यामुळे ‘जुन्या फोनवर चालेल का’ ही काळजी आता उरली नाही.

कार्डांच्या यादीसाठी ‘रिपीट’, ‘ऑटो-फिल’ आणि ‘मिनमॅक्स’ या तिघांना एकत्र आणा. अर्थ असा: प्रत्येक कार्ड किमान १६ रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावर बेतलेलं माप) रुंद, उरलेली जागा सगळ्यांत सारखी. फोनवर एक, टॅबलेटवर दोन-तीन, मोठ्या पडद्यावर चार-पाच, आणि एकही मीडिया क्वेरी लिहावी लागत नाही. १६ रेमच्या जागी ‘१०० टक्के आणि १६ रेम यांतलं जे कमी ते’ असं लिहा, म्हणजे अगदी अरुंद चौकटीतही कार्ड बाहेर डोकावणार नाही. ‘ऑटो-फिट’ हा भाऊबंद रिकाम्या रांगा मिटवतो, त्यामुळे शोधात एकच वस्तू सापडली तर तिचं कार्ड पडदाभर फुगतं.

कंटेनर क्वेरी शिकायची गरज आहे का?

आहे, आणि आज एकच नवी गोष्ट शिकायची असेल तर हीच शिका. मीडिया क्वेरी पडद्याची रुंदी विचारते. कंटेनर क्वेरी घटक ज्या चौकटीत आहे तिची रुंदी विचारते. नाटकाच्या प्रयोगाचं कार्ड मुख्य पानावर रुंद जागेत असतं, बाजूच्या पट्टीत अरुंद. पडदा तोच, जागा वेगळी. पूर्वी यासाठी दोन वेगळी कार्डं लिहायचो. आता कार्ड आपली जागा बघून ठरवतं की फोटो वर घ्यायचा की शेजारी. क्रोम आणि सफारीत ही सोय २०२२ मध्ये आली, फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये.

पडद्याच्या उंचीएवढं पहिलं दृश्य फोनवर खाली कापलं जातं.

उंची १०० व्हीएच, म्हणजे पडद्याच्या उंचीच्या शंभर टक्के, अशी लिहिली असेल. फोनवर पत्त्याची पट्टी दिसते आणि लपते, तिचा हिशेब त्यात धरलेला नसतो. त्याऐवजी एसव्हीएच वापरा, पट्टी दिसत असतानाची उंची धरली जाते.

अक्षरांचा आकार पडद्याबरोबर आपोआप वाढेल असं करता येतं का?

‘क्लॅम्प’ने येतं. किमान, मधलं आणि कमाल अशी तीन मापं द्यायची. मधलं माप नुसतं व्हीडब्ल्यूमध्ये (पडद्याच्या रुंदीच्या टक्क्यांत) देऊ नका, त्यात रेम मिळवा. नुसत्या व्हीडब्ल्यूतलं अक्षर झूम केलं तरी मोठं होत नाही. हे मथळ्यांपुरतं ठेवा. परिच्छेदाला १८ पिक्सेलइतकं माप रेममध्ये देऊन सोडून द्या, म्हणजे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवलेल्या आजोबांना ते मोठंच दिसेल.

फोटो फार आहेत. साइट जड होते.

चार हजार पिक्सेलचा फोटो चारशेच्या चौकटीत दाखवू नका. एकाच फोटोची तीन-चार मापं करा आणि ‘एसआरसीसेट’ व ‘साइझेस’ या टॅगमधल्या सूचनांनी ब्राउझरला निवडू द्या. वेबपी किंवा एव्हीआयएफ या चित्रांच्या प्रकारांत फाइल बरीच हलकी होते. रुंदी-उंची टॅगमध्ये लिहा, म्हणजे फोटो उतरला की खालचा मजकूर उडी मारत नाही. खालचे फोटो ‘लेझी’, म्हणजे तिथवर सरकल्यावरच उतरणारे, असू देत, पण सर्वांत वरचा मोठा फोटो कधीच ‘लेझी’ नको.

गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये हीच मोजमापं आहेत: मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि मजकुराच्या उडीचा गुणांक ०.१ च्या आत राहावा. प्रतिसादाचं हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्याच्या जागी आलं आणि ते कडक आहे. प्लगिनांचं (जोडून घेतलेल्या तयार सोयींचं) ओझं घातलेल्या साइट इथे नापास होतात.

सध्या काय चलतीत आहे? आम्हाला काचेसारखं डिझाइन हवंय.

जून २०२५ मध्ये ॲपलने ‘लिक्विड ग्लास’ दाखवलं आणि त्याच आठवड्यात आम्हाला हा फोन आला. काच नवी नाही. २००७ च्या विंडोज व्हिस्टातही खिडक्यांच्या कडा काचेच्या होत्या, मग २०१३ च्या आयओएस ७ पासून सगळं सपाट झालं, आता पुन्हा काच. वेबवर ती ‘बॅकड्रॉप-फिल्टर’ने करतात. मागे काय सरकतंय त्यावर अक्षराचा उठाव अवलंबून राहतो. भर दुपारी मरीन ड्राइव्हवर उभं राहून असं पान वाचून बघा. साध्या अक्षराचा पार्श्वभूमीशी उठाव ४.५ ला १ असावा लागतो, काचेवर ही हमी देता येत नाही. शिवाय स्वस्त फोनवर सरकताना पान अडखळतं. अगदीच हवी असेल तर वरच्या पट्टीपुरती ठेवा, तिच्याखाली जवळजवळ अपारदर्शक रंग द्या.

बेंटो मांडणी, म्हणजे लहानमोठे कप्पे एका चौकटीत, मला मनापासून आवडते. ग्रिडवर ती सहज बसते. अट एकच, फोनवर कप्पे एकाखाली एक येताना क्रम अर्थाचा राहिला पाहिजे. आधी एचटीएमएलमध्ये क्रम लावा, मग सजावट.

डार्क मोड २०१९ मध्ये आयओएस १३ आणि अँड्रॉइड १० बरोबर घराघरांत पोचला. रंग उलटे केले की झालं, असं नसतं. ठार काळ्यावर पांढरंशुभ्र देवनागरी पसरट दिसतं आणि जोडाक्षरांच्या आतल्या बारीक जागा बुजतात. गडद करडा आणि मऊ पांढरा घ्या. लोगो काळा असेल तर तो नाहीसा होईल, त्याची दुसरी प्रत लागते.

सरकताना हलणाऱ्या गोष्टींबद्दल माझं मत कडक आहे. वाचकाचा वेळ त्याचा आहे. ज्यांना हालचालीने गरगरतं ते फोनमध्ये तसं सेटिंग करून ठेवतात. ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ने ते ओळखा आणि हालचाल थांबवा.

मेनू तीन रेघांमागे लपवावा का?

चार-पाच दुवे असतील तर उघडे ठेवा. निल्सन नॉर्मन ग्रुपने २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात लपवलेला मेनू लोक कमी वापरतात असंच दिसलं. लपवायचाच झाला तर रेघांशेजारी ‘मेनू’ असा शब्द लिहा.

दरपत्रकाचा तक्ता फोनवर कसा दाखवायचा?

तक्त्याभोवती चौकट घाला आणि फक्त ती आडवी सरकू द्या, पहिला कॉलम चिकटवून ठेवा. तीनच कॉलम असतील तर प्रत्येक ओळ कार्डासारखी उभी करा. तक्त्याचा फोटो काढून टाकू नका. तो झूम करून वाचावा लागतो, शोधात सापडत नाही आणि स्क्रीन रीडरला दिसत नाही.

‘फक्त १० मिनिटं शिल्लक’ असं घड्याळ लावून द्याल का?

ऑफर खरोखर दहा मिनिटांत संपणार असेल तर. खोटी घाई, गिऱ्हाइकाच्या टोपलीत परस्पर टाकलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाजवणारी वाक्यं हे सगळं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मोडतं. त्यात असे १३ प्रकार मोजले आहेत. फोनवर हे जास्त लागतं, कारण जागा कमी असते आणि ‘नको’चं बटण बारीक करून कोपऱ्यात ढकलणं फार सोपं असतं.

दृष्टिहीन लोक आमच्या साइटवर कशाला येतील?

येतात. आणि आज येत नसतील तर त्यांना उघडता येत नाही म्हणून. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तुमच्या साइटपुरतं बोलायचं तर चित्रांना मराठीत वर्णन, बटणाला खरं बटण, रकान्याला खरं लेबल, आणि नुसत्या कीबोर्डने सगळीकडे पोचता येणं. सुरुवातीपासून केलं तर खर्च जवळजवळ वाढत नाही.

तयार टेम्प्लेट घेतलं तर?

घ्या, हरकत नाही. पण विकत घेण्याआधी त्यात तुमचा मराठी मजकूर ओतून बघा, सर्वांत लांब उत्पादनाच्या नावासकट. नमुन्यातले छोटे इंग्रजी मथळे सगळीकडेच सुंदर दिसतात.

तपासणी कशी करता?

ब्राउझरमधला मोबाइल-नमुना सुरुवातीला पुरतो. शेवटी खरा फोन हवा. आमच्याकडे तडा गेलेला एक जुना अँड्रॉइड आहे, त्यावर अक्षर सर्वांत मोठं करून ठेवलं आहे. साइट देण्याआधी दादर ते ठाणे धीम्या गाडीने जाऊन एकजण त्यावर पूर्ण ऑर्डर करून बघतो. उतरेपर्यंत ऑर्डर झाली नाही तर काम परत टेबलावर.

व्हॉट्सॲपचं गोल बटण कोपऱ्यात हवंच आहे. ठेवू ना?

ठेवा, गिऱ्हाईक ते वापरतं. पण ‘ऑर्डर करा’च्या वर ते बसणार नाही असं बघा. पानाच्या तळाशी बटणाच्या उंचीइतकी मोकळी जागा सोडा, नाहीतर पत्त्याची शेवटची ओळ कायम झाकलेली राहते. आयफोनच्या खालच्या पट्टीसाठी ‘सेफ-एरिया-इनसेट’चं अंतर त्यात मिळवा.